गोळी चालू, जळजळही चालू

पॅन्टोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळी रोज सकाळी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, इमानेइतबारे घेतो. छातीतली आग बरीच कमी झाली, पण रात्री घशाशी आंबट पाणी येणं थांबलं नाही. जळगावच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा उलगडा झाला. गोळी जठरातलं आम्ल कमी करते. अन्ननलिकेच्या खालची सैल झडप काही घट्ट करत नाही. वर येणारं येतच राहतं, फक्त कमी जाळतं.

मग खरा आधार पलंगाचा. डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू साधारण 15 सेंटीमीटर उचलली. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं. झोपायचं डाव्या कुशीवर. जेवण सातला, आडवं व्हायचं दहानंतर.

सगळ्यात अवघड हिवाळा. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, त्यात हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, वर तेल, सोबत कळण्याच्या पुऱ्या. मावशी वाढताना म्हणते, "थोडंसं खाई ले, काही व्हत नही." तिचा हात मला मागे लोटवत नाही. यंदा तिनेच माझ्यापुरतं बिनमिरचीचं भरीत वेगळं काढलं, तेही दुपारी, पुरीऐवजी भाकरीसोबत. झणका गेला, पण वांग्याचा धुरकट गोडवा तसाच लागला. शेवभाजी मात्र पूर्ण बंद आहे, त्याचं फार वाईट वाटतं.

घास अडकायला लागला, वजन उगाच घटलं किंवा शौचाला काळं झालं, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दाखवा. माझी एंडोस्कोपी, म्हणजे घशातून दुर्बीण घालून तपासणी, पुढच्या महिन्यात आहे.