वारा पाठीवर घ्यायचा असेल तर मलोया सकाळीच गाठा

आज एन्गाडिनमध्ये तळ्यांच्या कडेने ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरची सायकलिंग, झाली. स्वित्झर्लंडमधली ही दरी सुमारे 1800 मीटर उंचीवर, तरी जवळपास सपाट. इथे चढापेक्षा वाऱ्याचा हिशेब महत्त्वाचा.

दिवसा वारा सहसा दरीतून वर चढतो. इथे उलटं. पश्चिमेकडची ब्रेगालिया दरी मलोया खिंडीपासून एकदम खाली उतरते. तिथला वारा वर चढून खिंड ओलांडतो आणि दुपारी तळ्यांवरून सेंट मॉरिट्झकडे, म्हणजे दरीतून खाली, सुटतो. म्हणून सकाळी शांत हवेत सेंट मॉरिट्झहून सुरलेय, सिल्स करत मलोया गाठायचं आणि परतताना वारा पाठीवर घ्यायचा. उलट दिशेने गेलात तर शेवटचा टप्पा जीव काढतो.

टायर 42 मिमी ट्यूबलेस. 70 किलोच्या माणसाला पुढे 30, मागे 33 पीएसआय हवा पुरते. याहून फार कमी ठेवली तर धारदार दगडावर रिम आपटते आणि टायरला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. एवढी मोठी चीर सीलंटने (टायरच्या आत भरलेल्या, भोक बुजवणाऱ्या द्रवाने) भरत नाही, त्यामुळे चिरेत खुपसायच्या रबरी पट्ट्या आणि एक जादा ट्यूब हवीच.

जवळच्या पाँट्रेसिना गावाहून रोसेग दरीत जाणारा खडीचा रस्ता तर फारच सुंदर, पण तिथे घोडागाड्या चालतात. मागून येताना लांबूनच आवाज द्या, वेग कमी करा. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावा. वळणात ब्रेक दाबला तर सुट्या खडीवर पुढचं चाक हमखास सरकतं.