सायकल नको, फुटपाथ द्या

आज नागपूरच्या सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत निवडणूक प्रचाराची पदयात्रा आली. मी व्हीलचेअर गेटपर्यंत आणली आणि उमेदवाराला थेट विचारलं, "दादा, महापालिकेने दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी ठेवायचा असतो. तो आपल्या प्रभागात कशावर खर्च करणार?"

ते म्हणाले, "ताई, तुम्हाले तीनचाकी सायकल मिळवून देतो ना!"

मनापासून म्हणाले असतील, पण सायकल चालवायची कुठे? आमच्या रस्त्यावरचा फुटपाथ गुडघाभर उंच. चढायला उतार नाही, मधोमध विजेची डीपी, पुढे गाड्या लावलेल्या. म्हणून मी ट्रकच्या बाजूने रस्त्यावरून जाते.

मग मी त्यांना रॅम्पचं सांगितलं. एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. गेल्या वेळी आमच्या मतदान केंद्रावर दोन पायऱ्यांवर नुसती फळी टाकली होती. दोघांनी खुर्ची धरली तेव्हा कुठे मी वर गेले. मतदान केंद्र सुगम असलंच पाहिजे, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. ही मेहरबानी नाही. आणि कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे. कर्णबधिर मतदाराला भोंग्यावरचं भाषण काय कामाचं? एकाही सभेत मला सांकेतिक भाषेचा दुभाषी दिसला नाही.

त्यांच्या कार्यकर्त्याने सगळं वहीत लिहून घेतलं. बरं वाटलं, पण मला ते जाहीरनाम्यात छापलेलं हवंय.

उद्या संध्याकाळी नंदनवनला दुसऱ्या पक्षाची कोपरा सभा आहे. तिथेही हेच विचारणार. कोण कोण येतंय सोबत?