साम्सो बेट, बाबा आणि 21 पवनचक्क्या (जाणाऱ्यांसाठी टिप्ससकट)

बाबा महावितरणमधून रिटायर झालेत, शेवटची बरीच वर्षं पाटण-कराड भागात. मे-जूनमध्ये आईबाबा आमच्याकडे कोपनहेगनला आले तेव्हा त्यांना टिवोली दाखवलं, जलपरी दाखवली, राजवाडा दाखवला, आई खूश आणि बाबा प्रत्येक ठिकाणी फक्त "हं" म्हणून पुढे. मग बायको म्हणाली की यांना साम्सोला घेऊन जा, स्वतःची वीज स्वतः बनवणारं डॅनिश बेट आहे ते. म्हणून हा दोन रात्रींचा बेत झाला, आणि ग्रुपवर चारपाच जणांनी विचारलं म्हणून लिहून टाकतोय.

आधी जायचं कसं ते. कोपनहेगनहून ट्रेनने कालुंडबोर्ग, तिथून बोटीने बेटावरचं बालेन बंदर. ट्रेन पावणेदोन तासाच्या आसपास, बोट दीड तास धरा. बोटी दिवसाला मोजक्याच असतात त्यामुळे आधी बोटीची वेळ बघा आणि मग ट्रेन ठरवा, आम्ही उलटं केलं आणि धक्क्यावर तीन तास थेपले खात बसलो. तुम्ही ऑरहुसच्या बाजूला राहत असाल तर होउ बंदरावरून बेटावरच्या सेल्विगला येणारी बोट जवळ पडते. गाडी नेणार असाल तर उन्हाळ्यात आधी बुकिंग कराच, नुसत्या माणसांना एवढी अडचण येत नाही. आणि बालेनला जाताना डाव्या बाजूला बसा! हवा स्वच्छ असेल तर बेटाच्या दक्षिणेला समुद्रात एका रांगेत 10 पवनचक्क्या दिसतात. बाबा ट्रेनमध्ये पेंगत होते, ते इथे उठून रेलिंगला जाऊन उभे राहिले ते बंदर येईपर्यंत.

आता थोडी पार्श्वभूमी, नाहीतर बेटावर बघायला काय आहे असं वाटेल (खरं सांगायचं तर वरवर बघितलं तर बटाट्याची शेतं आणि गाई). साम्सो 114 चौरस किलोमीटरचं, वस्ती चार हजारांच्या आत. 1997 साली डेन्मार्क सरकारने स्पर्धा लावली की कुठलं बेट दहा वर्षांत पूर्णपणे अपारंपरिक ऊर्जेवर जाईल त्याचा आराखडा द्या. चार बेटं आणि एक द्वीपकल्प उतरलं, साम्सो जिंकलं. गंमत म्हणजे जिंकल्यावर पैशाची थैली वगैरे काही मिळाली नाही, आणि अट अशी की बाजारात आहे तीच टेक्नॉलॉजी वापरायची. त्याच सुमारास बेटावरचा कत्तलखाना बंद पडून लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या, त्यामुळे पर्यावरणाच्या प्रेमापेक्षा "आता कामधंदा काय करायचा" हा प्रश्न लोकांना जास्त टोचत होता असं मला तरी वाटतं.

2000 साली जमिनीवर 1 मेगावॉटच्या 11 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यात बेटाची वर्षभराची वीज निघते. पण गाड्या, ट्रॅक्टर, बोटी डिझेलवरच, त्यांचं काय करणार? तर तेवढी वीज जास्तीची बनवून केबलने मेनलँडला पाठवायची आणि हिशोब जुळवायचा, म्हणून 2003 पर्यंत समुद्रात 2.3 मेगावॉटच्या 10. म्हणजे "100 टक्के" हे वर्षाच्या हिशोबावर आहे, दर मिनिटाला नाही. हे नीट समजून जा, नाहीतर तिथे कुणीतरी डिझेलची गाडी भुर्रकन नेली की फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

बालेनला एनर्जी अकादमी आहे, म्हणजे बेटाच्या या सगळ्या ऊर्जेच्या कामाची माहिती देणारं केंद्र, 2007 पासून. टूर घ्यायची असेल तर आधी ईमेल करून वेळ ठरवा, उगाच दारावर जाऊन उभं राहू नका, आम्ही दोन आठवडे आधी लिहिलेलं. सोरेन हेर्मानसेन म्हणून बेटावरचेच एक गृहस्थ, पूर्वी शिक्षक, त्यांनी वर्षानुवर्षं घरोघर, मीटिंगा घेत लोकांना तयार केलं, 2008 मध्ये टाइम मासिकाने त्यांना पर्यावरणाच्या हिरोंच्या यादीत घेतलं. आम्हाला ते भेटले नाहीत, एका तरुण मुलीने फिरवलं, इंग्रजी स्वच्छ आणि पेशन्स अफाट. पेशन्स लागलाच, कारण बाबा.

पहिला प्रश्न, वारा पडला की काय करता? ती म्हणाली केबलमधून घेतो. फ्रिक्वेन्सी (म्हणजे विजेचा ठरलेला ताल, तो ढळला की लाइन बंद पडते) कोण सांभाळतं? मेनलँडची ग्रिड, म्हणजे तिथलं विजेचं जाळं. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे हिने थापा मारल्या नाहीत, पास. मग त्यांनी विचारलं, मालक कोण? आणि इथे त्यांची वही बाहेर आली.

जमिनीवरच्या 11 पैकी 9 शेतकऱ्यांच्या स्वतःच्या आणि 2 सहकारी, शेअर घेतलेल्या गावकऱ्यांच्या. समुद्रातल्या 10 उभारल्या तेव्हा त्यातल्या 5 खुद्द कोमुनेने म्हणजे तिथल्या नगरपालिकेने कर्ज काढून घेतल्या, 3 खाजगी आणि 2 पुन्हा छोट्या शेअरवाल्यांच्या. चार हजार वस्तीची नगरपालिका समुद्रात पवनचक्क्या विकत घेते! आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते आणि तिचं स्ट्रीटलाइटचं बिल थकलेलं असतं (हे बाबांचं वाक्य, त्यांनी अशी बिलं वसूल करायचा प्रयत्न केलाय). कर्ज काढायची हिंमत कशी झाली तर विजेला ठराविक वर्षं ठरलेला भाव मिळणार याची खात्री होती, जमिनीवरच्यांना दहा वर्षं. आणि नगरपालिकेला त्या कमाईतून दुसरीकडे पैसा उडवता येत नाही, परत ऊर्जेच्याच कामात घालावा लागतो, कायदाच तसा.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग बाहेर आल्यावर म्हणाले, "आपल्याकडं पाटणच्या वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्या किती उभ्या केल्या, बघितल्यास ना. मालक सगळे मुंबई-पुण्याचे, टॅक्स वाचवायला घेतलेल्या. गावाच्या डोक्यावर आल्या, गावाच्या नावावर नाही आल्या. मग लोकं रस्ता अडवणार नाहीत तर काय करणार." मला तरी पूर्ण ट्रिपमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण साम्सोलाही सुरुवातीला लोक कुरकुरत होतेच, आवाज, सावली, देखावा बिघडतो वगैरे.

दुसऱ्या दिवशी सायकली. कळकळीची विनंती, ई-बाईक घ्या. पैसे वाचवायला मी साध्या घेतल्या, आणि बालेनहून नॉर्डबी 20 किमीच्या आसपास, अख्खा रस्ता समोरून वारा. ज्या वाऱ्यावर बेटाचं पोट चालतं त्याने आमचा जीव काढला. आई शहाणी, ती बालेनलाच थांबली.

वाटेत ऑन्सब्येर्गला हीटिंगचा प्लांट आहे, तो बाहेरून तरी बघाच. गव्हाचं काड गाठी बांधून आणतात, बॉयलरमध्ये जाळतात, आणि गरम पाणी जमिनीखालच्या पाइपातून घरोघरी जातं. असे एकूण चार प्लांट, तीन काडावर, नॉर्डबीचा लाकडाच्या चिपांवर आणि शेजारच्या शेतात 2,500 चौरस मीटर सोलर पॅनल, वीज बनवणारे नाही, पाणी तापवणारे. मेंढ्या चरतात त्यांच्यामधून. बाबा कुंपणाला टेकून एका गाठीचं वजन किती असेल याचा अंदाज करत होते आणि म्हणाले आपल्याकडे उसाचं पाचट फडातच पेटवून देतात. पाइप न पोचलेल्या घरांत हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात खेचणारं यंत्र), लाकडाच्या शेगड्या असं काय काय. पवनचक्कीचे फोटो सगळे काढतात पण थंड देशात खरा खर्च घर गरम ठेवण्याचा, आणि ते काम या धुरकट शेडमध्ये होतं.

नॉर्डबी सुंदर आहे, जुनी लाकडी चौकटीची घरं, पण त्यावर सगळीकडे लिहिलेलं सापडेल. जवळच बालेब्येर्ग, बेटावरचं सगळ्यात उंच ठिकाण, उंची 64 मीटर. सातारच्या माणसाला हा डोंगर म्हणून दाखवू नका.

खाण्याचं. साम्सोचे नवे बटाटे डेन्मार्कभर प्रसिद्ध, जूनमध्ये रस्त्याकडेला टपऱ्या असतात, माणूस नसतो, पिशवी उचला आणि डब्यात पैसे टाका. लोक मोबाइलपे या पेमेंट ॲपने देतात पण त्याला डॅनिश खातं लागतं, त्यामुळे पाहुण्यांनी सुटी नाणी ठेवा. शाकाहारी असाल तर किचनवालं घर घ्या. आईने पहिल्या रात्री त्याच बटाट्यांच्या काचऱ्या केल्या, सालं काढायची गरजच नाही, मोहरी-हिंग मी घरून नेलेलं.

सगळं गोडगोडच आहे असं नाही. होउ-सेल्विगची बोट प्रिन्सेसे इसाबेला 2015 पासून नगरपालिकेचीच, डिझेलऐवजी एलएनजीवर (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू). कल्पना अशी होती की पुढे बेटावरच बायोगॅस करून तो घालायचा, पण बोट सुरू झाली ती बाहेरून आणलेल्या गॅसवर. आता 2030 पर्यंत खनिज इंधन पूर्ण बंद करायचं टार्गेट आहे, आणि हा भाग पवनचक्क्यांपेक्षा अवघड जाणार असं दिसतं. शिवाय त्या चक्क्यांचंही वय झालंय, वीस वर्षं उलटून गेली.

परतीच्या बोटीत उजव्या बाजूला बसा, तोच देखावा. बाबांनी मोजल्या, दहातल्या आठ फिरत होत्या. "दोन मेंटेनन्सला," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रात्री लाइन ट्रिप होऊन बंद पडली तर फोन कुणाला जातो रे इथं?" ते विचारायचं राहिलंच. कुणी जाणार असाल तर तेवढं विचारून मला कळवा, ते अजून दर रविवारी फोनवर आठवण करतात.