परसात जनावर (म्हणजे साप) निघालं की सर्पमित्राला बोलवायचं का?

पावसाळा लागला की कोकणातल्या घराघरांतून हा प्रश्न येतो. जनावर नेमकं कुठे आहे, यावर उत्तर ठरतं.

परसातून धामण (बिनविषारी साप) चालली असेल तर बोलवू नका. कुत्रं बांधा, मुलांना ओटीवर घ्या आणि सात-आठ फुटांवरून नुसतं बघा. वाट मोकळी मिळाली की ती आपणच गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, शिरते. ती येते उंदरांमागे. तिला उचलून लांब रानात सोडलं तर अनोळखी जागी तिचे हाल होतात, आणि इकडे उंदीर तसेच राहतात. त्यांच्यामागे मग नागही येऊ शकतो. (धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे खरं नाही. सापाला चोखताच येत नाही.)

घरात, न्हाणीत किंवा गोठ्यात शिरलेल्या सापासाठी मात्र बोलवाच. खोलीचं दार लावा, खालच्या फटीत टॉवेल खुपसा, एकाने लांबून नजर ठेवा. सर्पमित्र ओळखीचा नसेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

खरं काम त्याआधीचं. चुलीची लाकडं भिंतीला टेकवून जमिनीवर रचू नका. चिऱ्यांवर फळ्या टाकून फूटभर उंच आणि भिंतीपासून दीड फूट लांब रचा. मोरीच्या तोंडाला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवा. कोंबड्यांच्या खुराड्यालाही तीच. मोठ्या भोकांच्या कुंपणजाळीतून नाग सहज आत जातो. पातेरा (वाळलेला पाला) आणि चिऱ्यांचा ढीग ही विषारी फुरशाची जागा. ते जेमतेम फूट-दीड फुटाचं, मातीच्या रंगाचं, म्हणून तिथे आधी काठी फिरवा, मग हात घाला. भाजीच्या वाफ्याभोवती मासळीचं जुनं जाळं लावू नका. त्यात साप अडकून तडफडून मरतात, आणि सोडवायला गेलेल्याला चावतात. फिनेल, कार्बोलिक अॅसिड यांनी साप अडत नाही. अॅसिडने मुलांची कातडी मात्र भाजते.

सगळ्यात जपायचं ते मण्यारीपासून. ती रात्री फिरते, घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, सुजत नाही, त्यामुळे माणूस पुन्हा झोपी जातो. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. पहाटे पोटात दुखायला लागलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नका, १०८ला फोन करा.

कुठलाही दंश झाला की अंगठी, बांगड्या काढा, हातपाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका. आवळून दोरी नको, ब्लेड नको, भगताकडे फेरी नको. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर सरकारी रुग्णालयात मिळणारं इंजेक्शन एकच असतं.