तुम्ही विचारलंत म्हणून: माझा रिषभ आणि ऑर्नेट कोलमन

‘सात वर्षं गाणं शिकलात, पेटी शिकवता, आणि ऐकता हे बेसूर?’ दर ११ जूनला घरातून अमेरिकन जाझवादक ऑर्नेट कोलमनचा सॅक्सोफोन ऐकू आला की कुणी ना कुणी विचारतंच. २०१५ साली याच तारखेला तो न्यूयॉर्कमध्ये ८५व्या वर्षी गेला. बातमी वाचून मी सकाळीच रडत बसले होते. जाऊबाईंना वाटलं, माझ्या माहेरचं कुणी गेलं. मी म्हणाले, ‘कुणी नाही.’ ते अजून लागून राहिलंय.

आजवर मी भांडत आले. तुमच्या कानांना सवय नाही, म्हणाले. २००७ साली त्याला ‘साउंड ग्रामर’ या अल्बमसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेही तुमच्या तोंडावर फेकलं. ते उत्तर नव्हतं.

उत्तर सांगलीतल्या एका गुरुपौर्णिमेत आहे. मी १९ वर्षांची होते, संध्याकाळी मारवा राग गायला बसले होते. मारव्यात षड्जाचा, म्हणजे ‘सा’चा, आधार फारसा घ्यायचा नाही, त्यामुळे कोमल रिषभ, म्हणजे कोमल ‘रे’, उघडा पडतो. गुरुजी स्वतः पेटीवर होते. त्यांनी हात उचलला. ‘थांब. चढतेयस.’ म्हणजे सूर जागेच्या वर लागतोय. मी पुन्हा लावला. ‘पुन्हा चढलीस.’ तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. गुरुजींनी रिषभाची पट्टी दाबून धरली, भात्यातली हवा संपेपर्यंत. ‘हा. हा ऐक.’ त्यांचा सूर आणि माझा सूर यांच्यामध्ये एक फट होती. मला ती स्पष्ट ऐकू येत होती, आणि तरी मला माझाच सूर खरा वाटत होता. मग त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं. मिरजेहून आणलेला तानपुरा मांडीवरून उतरवताना माझा हात तारांना लागला आणि त्या सगळ्या एकदम वाजल्या. बाबा तिसऱ्या रांगेत होते. रिक्षात आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी शिकवणीला गेले नाही, आणि नंतर कधीच नाही.

मारव्याचा रिषभ थोडा चढाच, असं पुढे मी जाणत्यांकडून ऐकलं. पेटीचे सूर तर मुळातच तडजोडीचे, रागाच्या नेमक्या जागेवर न बसणारे. म्हणजे माझं बरोबर होतं? कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिले. पण त्या दिवशी मी घाबरले होते, आणि घाबरलं की माझा गळा चढतो. हेही खरं आहे.

मग एका मैत्रिणीने कॅसेट दिली. त्यात कोलमनचं १९५९चं ‘लोनली वुमन’ होतं. खाली बिली हिगिन्सचे ड्रम धावतायत, आणि वर कोलमन आणि त्याचा साथीदार डॉन चेरी विलंबितात असल्यासारखे ती धून ओढत नेतात. पियानो नाहीच! पट्टी दाबून ‘हा ऐक’ म्हणणारं कुणीच नाही. मला वाटलं, हा माझा साक्षीदार.

तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं: नाही गं. अमेरिकेतल्या बॅटन रूजमध्ये नाचाच्या कार्यक्रमानंतर लोकांनी कोलमनला मारलं, त्याचा टेनर सॅक्सोफोन मोडला. लॉस एंजेलिसमध्ये वादक त्याला मंचावरून उतरवायचे. तिथे तो लिफ्ट चालवायचा आणि लिफ्टमध्येच संगीताची पुस्तकं वाचायचा. धातूचं वाद्य परवडेना, म्हणून त्याने पांढरा प्लास्टिकचा आल्टो सॅक्सोफोन घेतला. तो वाजवत राहिला. तू एका हसण्याने थांबलीस.

हे लिहिलं आणि लगेच वाटतंय, मी त्या मुलीवर अन्याय करतेय. नोव्हेंबर १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात त्याला ऐकून जाझवाल्यांत तट पडले, तेव्हा मंचावर त्याच्या शेजारी चेरी होता, हिगिन्स होता, बास वाजवणारा चार्ली हेडन होता. माझ्या शेजारी त्या संध्याकाळी कुणीच उभं राहिलं नाही. बाबासुद्धा.

मी पेटीच का शिकवते, हे मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत. पट्टी दाबली की सूर लागतो. माझ्यामुळे तो चढत नाही, उतरत नाही.

११ जूनला मी पेटी बंद ठेवते. कोलमन ऐकून झाला की तानपुरा जुळवते आणि मारव्याचा रिषभ लावून बघते. गेल्या वर्षी तो कुठे लागला, मला कळलं नाही. जाऊबाई दारात उभ्या होत्या. ‘तू गात होतीस?’

मी हो म्हणाले.