माया, रोम आणि तीन सारखे तुकडे
मॅच-थ्री, म्हणजे तीन सारखे तुकडे जुळवायचे गेम आता मोबाईलवर ढिगाने आहेत पण मला अजूनही जुने कॉम्प्युटरवरचेच आवडतात, त्यातही प्राचीन संस्कृतीवाले. २००४ चा ज्वेल क्वेस्ट घ्या ना, माया संस्कृतीची थीम, शेजारचे दोन तुकडे अदलाबदल करून तीन सारखे जुळवले की ते गायब होतात आणि त्यांच्या मागचा चौकोन सोनेरी होतो, अख्खा बोर्ड सोनेरी झाला की लेव्हल पार. सोप्पं वाटतं, पण खरी कसोटी कोपऱ्यात!! मधले चौकोन पटापट होऊन जातात, कोपऱ्यातला मात्र त्याच्या एकाच आडव्या नाहीतर उभ्या ओळीतून जुळतो, आणि टायमर संपत आला की नेमका तोच राहिलेला असतो, म्हणून मी सांगते, आधी कडा आणि कोपरे उरकून घ्या. खालच्या बाजूला जुळवलं की वरचे सगळे तुकडे घसरतात आणि कधीकधी आपोआप लागोपाठ जुळत जातात, ते बघायला जाम भारी वाटतं.

एक खटकतं मात्र. माया लोकांना सोन्यापेक्षा जेड या हिरव्या रत्नाचं मोल जास्त होतं, राजांच्या थडग्यांत जेडचे मुखवटे सापडलेत, मग बोर्ड हिरवागार व्हायला हवा होता की नाही?

त्या मानाने २००७ चा क्रेडल ऑफ रोम जास्त पटतो, तिथे जुळवलेल्या तुकड्यांतून धान्य, सामान, सोनं जमतं आणि त्यातूनच रोमच्या इमारती एकेक करून उभ्या राहतात. कुठे मिळाला तर नक्की खेळा.