हात वर झाला नाही

रविवार, रात्र

सकाळपासून काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय. गॅस बंद आहे, दाराला कडी आहे, सासूबाईंची रात्रीची गोळी दिली. तरी राहिलंय. भांडी आवरताना लक्षात आलं, आज आशीर्वाद मिळालेला नाही.

म्हणजे चर्चमधली उपासना झाली. पाळकसाहेब रजेवर, म्हणून दीक्षा न झालेल्या, मंडळीतल्याच वडीलजनांनी चालवली. उपदेश चांगला होता आणि वेळेत संपला (हे दुसरं पाळकसाहेबांबद्दल कधी लिहिता आलेलं नाही). शेवटचं गीत झालं, आम्ही डोक्यावर पदर सारखे केले, माना खाली घातल्या. आणि त्यांनी हात वर न करता, आमच्यासारखेच हात जोडून म्हटलं, प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता आम्हा सर्वांबरोबर असो. आमेन. मग चपला, पार्किंग, ‘सलाम, सलाम, येत नाही हल्ली घरी’.

त्यांनी अगदी रीतीप्रमाणे केलं. दीक्षा झालेल्या पाळकाने हात वर करून ‘तुम्हा सर्वांबरोबर’ म्हणायचं. दुसऱ्या कुणी उपासना चालवली, तर स्वतःलाही त्यात धरून मागायचं. संडेस्कूलपासून माहीत आहे. पुण्यात गुरुवार पेठेत पाच हौदाच्या चर्चमध्ये दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यांनी आपली श्रद्धा स्वतः कबूल करायचा विधी) होतं, तेव्हा तर बिशपसाहेब आले म्हणून पाळकसाहेबच बाजूला उभे राहिले आणि शेवटचा आशीर्वाद बिशपसाहेबांनी दिला. इंग्रजांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही तसंच आहे, बिशप हजर असेल तर त्याने द्यावा. रीत मला पाठ आहे. तरी दिवसभर हिरमुसलेली आहे, आणि त्याचा रागही येतोय. या वयात!

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, शब्द तेच ना? मग झालं की.

शब्द तेच आहेत, खरंय. पण तासभर आम्हीच बोलत असतो. पापांगीकार आमचा, मागणं आमचं, गाणं आमचं, दानार्पणाची थैली फिरते तीही आमच्यापर्यंत येऊन पुढे जाते. सगळं इकडून तिकडे. फक्त शेवटच्या त्या अर्ध्या मिनिटात कुणीतरी आमच्याकडे तोंड करून उभं राहतं आणि तिकडून इकडे काही येतं. मला काही करायचं नसतं. मागायचंसुद्धा नसतं. उभं राहायचं, बस. आठवड्यात दुसरी अशी वेळ माझ्या वाट्याला येत नाही. पोराच्या परीक्षेला डोक्यावर हात मी ठेवायचा, सासूबाईंच्या उशाशी प्रार्थना मी करायची, नणदेच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री फोनवर प्रार्थना मीच. आणि माझ्यासाठी कोण? जाऊ दे. हे लिहायला घेतलं तर रडू येईल, आणि उद्या पाणी लवकर जाणार आहे.

तर अहरोनाचा, म्हणजे मोशेच्या भावाचा, पहिल्या मुख्य याजकाचा आशीर्वाद. आमच्याकडे मोठ्या सणाला तोच देतात, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो, तिथपासून शांतीपर्यंत. बायबलमधलं गणना हे पुस्तक, अध्याय ६. मूळ हिब्रूत तो तीन ओळींचा आहे, पहिलीत तीन शब्द, दुसरीत पाच, तिसरीत सात. वाढत वाढत जातो. याच ओळी कोरलेल्या चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या १९७९ साली यरुशलेमात हिन्नोमच्या दरीजवळ एका थडग्यात सापडल्या. सुमारे २६०० वर्षांपूर्वीच्या. त्या उलगडायलाच तज्ज्ञांना काही वर्षं लागली. बायबलमधला इतका जुना मजकूर आजवर दुसरा सापडलेला नाही. माणसं त्या गळ्यात घालत असावीत, म्हणतात. ताईतच की! ताईत पाहिला की आमचे वडीलजन केवढं नाक मुरडतात. आणि इकडे यरुशलेमातली माणसं मंदिर हाकेच्या अंतरावर असताना आशीर्वाद गळ्यात बांधून घरी नेत होती, मेल्यावर कबरीतही सोबत घेऊन गेली. मला बरं वाटलं हे वाचून. हावरटपणाला जुनी परंपरा आहे.

कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यू लोकांच्या, डेव्हिड ससूनच्या १८६७ सालच्या सिनेगॉगमध्ये, मी एकदाच आत गेले आहे, जुन्या ऑफिसातल्या बेने इस्रायली बाईंबरोबर. ससूनची कबरही तिथल्याच आवारात आहे. बाईंनी तेव्हा सांगितलेलं आज नीट डोक्यात शिरलं. हा आशीर्वाद द्यायचा मान अहरोनाच्या वंशातल्या याजकांचा, कोहेन लोकांचा. ते डोक्यावरून शाल ओढून, हात पसरून तो देतात. लोकांनी त्यांच्याकडे बघायचं नाही. आणि कोहेन हजर नसेल तर? तर प्रार्थना चालवणारा त्याच ओळी म्हणतो, पण देवाला विनंती म्हणून. आमच्या पूर्वजांच्या देवा, त्या तिहेरी आशीर्वादाने आम्हाला आशीर्वाद दे. हात पसरायचे नाहीत. लोकही तिथे आमेन म्हणत नाहीत, तशी तुझी इच्छा असो, असं म्हणतात.

म्हणजे हुबेहूब आजचे आमचे वडीलजन. आणि मी उगाच समजत होते की ही आमच्याच मिशनऱ्यांनी घालून दिलेली शिस्त.

मग मागितलेलं आणि दिलेलं यात खरंच फरक आहे का? संध्याकाळभर याच एका ठिकाणी घुटमळतेय. पसायदान आठवलं. शाळेत रोज म्हटलंय, सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम संपताना अजून म्हणतो, मला पाठ आहे म्हणून कोपऱ्यातल्या काकू दरवर्षी कौतुक करतात (कौतुकाचा अर्थ मला कळतो, पण असो). १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी संपली ती या मागण्याने. नेवासं आमच्या माहेरच्या वाटेवरचं, एसटीतून कितीदा गेलो. ते सगळं मागणंच आहे. दुष्टांचं दुष्टपण जावो, ज्याला जे हवं ते मिळो. पण शेवटी काय आहे? विश्वेशराव म्हणतो की हे दान मिळेल, आणि ज्ञानदेव सुखी होतो. तिथे संपतं. नुसतं मागून थांबले नाहीत, ‘दिलं’ हे ऐकल्यावरच ग्रंथ मिटला. एवढ्या मोठ्या माणसालाही ऐकावं लागलं! मग माझं काय चुकतंय?

आशीर्वाद निघतानाच का देतात, तेही आज पहिल्यांदा मनात आलं. लूकच्या शुभवर्तमानात अगदी शेवटी बेथानीपाशी येशूने हात वर करून शिष्यांना आशीर्वाद दिला, आणि देता देताच तो त्यांच्यापासून वेगळा झाला. देऊन झालं, मग निघाला, असं तिथे नाही. आई शिवाजीनगरच्या स्टँडवर मला सोडायला यायची तेव्हा गाडी हलली तरी खिडकीशी काहीतरी पुटपुटत चालत राहायची. ते आज नाही लिहीत.

त्याच गणनेतल्या अध्यायात आणखी एक ओळ आहे, जी पाळकसाहेब कधी म्हणत नाहीत, कारण ती याजकांना उद्देशून आहे. याजकांनी लोकांवर माझं नाव उच्चारावं आणि आशीर्वाद मी देईन, असं देव म्हणतो. म्हणजे हात याजकाचा असला तरी त्यात त्याचं स्वतःचं काहीच नाही. हे ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, म्हणजे मी मघाशी तेच म्हणत होतो. नाही, तेच नव्हते म्हणत! ते म्हणत होते शब्द पुरे. इथे तर नाव उच्चारायला कुणीतरी समोर लागतंच. मी स्वतःवर उच्चारून चालत नाही. मी वाद जिंकले असं मला वाटतं. ते तोवर झोपले.

नणदेला फोनवर सांगितलं तर हसली. म्हणाली, एवढंच आहे तर पुढच्या रविवारी कॅम्पातल्या इंग्रजी उपासनेला जा, तिथले पाळक रजेवर नाहीत. शेवटची दहा मिनिटं जा. आशीर्वादापुरतं जायचं म्हणजे पंगत उठताना फक्त मठ्ठ्याला पोचायचं, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, मग मठ्ठा चांगला असेल तर काय हरकत आहे?

आमचे पाळकसाहेब पुढच्या रविवारीही नाहीत. वडीलजनच आहेत, आणि त्यांना मी दिसले नाही तर ते सोमवारी फोन करणार, हेही ठरलेलं. सकाळी त्यांच्याकडेच जायचं आहे. इंग्रजी उपासना संध्याकाळी असते. जाणार नाही असं नणदेला सांगितलंय. मोरपिशी साडी मात्र इस्त्रीला काढून ठेवली आहे.